नानांचा पॉवर फॅक्टर

जेवायला बसलं की नाना आधी मोबाइल उघडायचे, मग ताटाकडे बघायचे. मोबाइलवर दोन रेघा असत, एक निळी आणि एक लाल. निळी थोरल्या सुनेच्या खोलीची, लाल धाकटीच्या. कुठल्या खोलीने दिवसभरात किती वीज खाल्ली ते त्या रेघा दाखवत, आणि त्या जे दाखवत ते नाना मोठ्याने वाचून दाखवत.

"लाल आजही वर," नाना म्हणाले. "धाकट्या सूनबाईंनी दारात हत्ती बांधलाय. खातोय बिचारा."

"कूलर आहे नाना," धाकटी म्हणाली. "बाळासाठी."

"हत्तीला कूलर म्हटलं म्हणून तो कमी खातो का?"

धाकटीचा नवरा हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण वडील विनोद करून आपल्याकडे बघायला लागले की त्याचं तोंड आपोआप तसं व्हायचं. थोरलीने मान वर न करता नानांच्या ताटात भाजी वाढली. "हत्ती राहू दे नाना, तुम्ही जेवा. गार होतंय."

"या घरात गार व्हायलाच तर वीज लागते," नाना म्हणाले, आणि या वेळी स्वतःच हसले.

नाना वजनमापांचे तपासनीस होते. बाजारात खोटं वजन सापडलं की ते नुसता दंड करून थांबत नसत. दुकानदाराला भर रस्त्यात ते वजन हातात धरून उभं करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून दाखवत. मोठमोठे व्यापारी त्यांना बघून गल्ल्यावरून उठत. निवृत्त झाल्यावर कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा उठेनासा झाला. सासूबाई गेल्यानंतर तर त्यांच्या हातात तपासायला काही उरलंच नव्हतं. मग कुणीतरी त्यांना ते यंत्र दाखवलं. विजेच्या वायरीला कपड्याच्या चिमट्यासारखं चिमटायचं, की वायरीतून जाणारी वीज घरबसल्या मोबाइलवर. नानांनी दुसऱ्या दिवशी ते आणलं. सोबत चिमटे दोनच आले. खोल्या तीन होत्या. तिसरी नानांची, आणि तिच्या न्हाणीघरात गीझर होता. या उकाड्यातसुद्धा नानांना दोन वेळा कढत पाणी लागायचं, शिवाय संध्याकाळी पाय शेकायला बादलीभर वेगळं.

"तुमच्या खोलीला नाही लावणार?" धाकट्याने एकदाच विचारलं होतं.

"तपासनिसाला कोण तपासतं रे?" नाना म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

यंत्र बसवताना मोबाइलने त्यांना एक प्रश्न विचारला होता. पॉवर फॅक्टर किती? तिथे आधीपासूनच एकापेक्षा कमी असा कसलातरी आकडा भरलेला होता. नानांनी मुलाला विचारलं, हे काय. तो म्हणाला, "असेल काहीतरी सूट." सूट हा शब्द ऐकताच नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. उभ्या नोकरीत त्यांनी मापात कुणाला सूट दिली नव्हती. त्यांनी आधीचा आकडा पुसला, दोन्ही चिमट्यांसाठी एक घातला आणि म्हणाले, "आपल्या घरात माप पुरं."

त्यानंतर दुपारची शिस्त सुरू झाली. ज्या खोलीची रेघ आठवडाभर वर राहील त्या खोलीची वीज पुढचा आठवडा सकाळी अकरा ते चार बंद. सगळ्या खोल्यांची बटणं पॅसेजमधल्या पेटीत होती. नानांनी पेटीला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला लावावी तशी चष्म्याच्या दोरीला बांधली.

धाकटीच्या मुलीला घाम येत नव्हता. जन्मापासूनच येत नव्हता. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नीट तयार झाल्या नव्हत्या. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं, "हिच्या अंगात गरमी शिरली की तिला बाहेर पडायला दार नाही. खोली गार ठेवा. ते नाही जमलं तर ओल्या फडक्यात ठेवा. आणि तरी अंग तापत राहिलं, तर वाट बघत बसू नका, इकडे घेऊन या." एकदा ते तापत राहिलं होतं. रिक्षात मुलीचे डोळे वर गेले होते आणि हातपाय काठीसारखे ताठ झाले होते. तेव्हापासून धाकटी काहीही करत असली, भांडी घासत असली, नवऱ्याशी बोलत असली, तरी दर थोड्या वेळाने तिचा हात मुलीच्या मानेवर जाऊन यायचा. कूलर जुना होता, मोटर दोनदा वाइंडिंग करून आणलेली, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पण खोली गार करत होता.

"डॉक्टरांनी सांगितलंय नाना," ती म्हणाली होती.

"डॉक्टर सांगणारच. वीज वापरू नका असं सांगणारा डॉक्टर मी अजून बघितला नाही."

"पण बाळाला नाही सोसत."

"तराजूला लहान-मोठं कळत नाही, सूनबाई. कळायला लागलं की तो तराजू राहत नाही."

नवरा रात्री तिची समजूत घालू लागला. "वय झालंय त्यांचं. चार दिवस करतील आणि विसरतील. पाच तासांचा तर प्रश्न आहे."

"तू बस पाच तास. जाड रजई अंगावर घेऊन बस."

तो कूस बदलून झोपला.

शिस्तीच्या पहिल्या दिवशी पॅसेजमध्ये खट्ट झालं. कूलरचं पातं हळू होत होत थांबलं. धाकटीने खिडकीला ओली चादर लावली, मुलीला उघडं करून ओल्या पंच्यात गुंडाळलं, पंचा बदलला, पुन्हा बदलला. मुलगी रडत नव्हती. तिचे कान लाल झाले होते आणि ती आईकडे असं बघत होती जसं काही आई दूर कुठेतरी उभी आहे. धाकटी पर्स शोधायला उठली तेवढ्यात गॅलरीच्या दाराशी थोरली आली. कोपरापर्यंत मैदा लागलेला, खांद्यावर गुंडाळलेली लांब वायर.

"ही लाव कूलरला. माझ्या प्लगवरनं आणलीय."

"वहिनी, तुमच्या रेघेत दिसेल."

"दिसू दे. निळीकडे कोण बघतंय? नानांचा जीव लालवर जडलाय."

"कळलं तर?"

"नाना खोलीत घोरतायत. आधी लाव, मग घाबर." तिने कूलरच्या टाकीत घागर ओतली आणि मुलीच्या गालाला मैद्याचं बोट लावलं. "काय गं ठमे, आजोबांनी तुझाच हिशोब केला होय?"

थोरलीचा नवरा जहाजावर होता. कधीमधी फोन यायचा, वर्षातून एकदा तो स्वतः यायचा. तिच्या खोलीत एक विजेचा ओव्हन होता. त्यात ती बिस्किटं भाजायची आणि संध्याकाळी बेकरीवाला येऊन डबे घेऊन जायचा. ओव्हनविषयी ती म्हणायची, "हा एकटाच माझं ऐकतो. तापतो तोसुद्धा सांगितल्या वेळेला." त्या कमाईवर ती श्रीमंत होत होती असं नाही. पण घरात बसून, कुणापुढे हात न पसरता, तिला तिचं असं काहीतरी होतं. धाकटीने कितीदा बघितलं होतं, बेकरीवाल्याशी बोलताना थोरलीचा आवाज निराळाच असायचा, जरा मोठा.

रोज दुपारी ती वायर गॅलरीतून यायची आणि चारच्या आत परत जायची. आठवडा संपला तरी लाल वरच होती, कारण सकाळ-संध्याकाळ-रात्र कूलर चालतच होता. निळीही मात्र चढू लागली.

"थोरल्या सूनबाई, तुमचंही वाढलं," नाना म्हणाले. "बिस्किटं जास्त होतायत की गप्पा?"

"दोन्ही खुसखुशीत आहेत नाना. घेता का एक?"

नानांनी बिस्किट घेतलं आणि खाता खाता निकाल सांगितला. रोज रोज शिस्त लावायचा त्यांनाही कंटाळा आला होता. "या आठवड्याअखेर जो वर, त्याचं यंत्र भंगारात द्यायचं. भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय. एकदा घाण गेली की मी चिमटे काढून ठेवतो, मग तुम्ही सुखी आणि मी सुखी."

बोलताना त्यांनी फक्त धाकटीकडे बघितलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा पाणी प्यायला लागला, आणि पेला रिकामा झाल्यावरही तो तोंडाला लावूनच बसला.

त्याच सुमाराला नानांना आणखी एक शोध लागला. ते दारातल्या मोठ्या मीटरचे, म्हणजे वीज कंपनीच्या मीटरचे आकडे बघून आले आणि दार लावून सगळ्यांना जवळ बोलावलं. दोन खोल्यांची मिळून जेवढी वीज मोबाइल दाखवत होता, तेवढी अख्ख्या घराची मिळूनही मोठ्या मीटरवर झाली नव्हती.

"कंपनीचं मीटर मंद आहे," नाना दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आपल्याला कमी धरतंय. कुणी कुठे बोलायचं नाही. बेकरीवाल्याजवळ तर अजिबात नाही."

"पण नाना, खोटं माप," थोरली म्हणाली.

"आपल्या बाजूचं आहे ते."

धाकटीच्या डोक्यात मात्र ते अडकून बसलं. दोन खोल्या अख्ख्या घरापेक्षा मोठ्या कशा असतील? अख्ख्या घरात तर फ्रिजही होता, पंखे होते, नानांचा गीझर होता. ती फिजिक्स घेऊन पदवीधर झाली होती. अल्टरनेटिंग करंटच्या धड्यात कॉस फाय नावाचं काहीतरी होतं, ते तिने परीक्षेपुरतं घोकलं होतं आणि परीक्षेनंतर अगदी मोकळ्या मनाने विसरली होती.

ते तिला आठवलं पाळण्याजवळ. मुलीला झोका देताना तिचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि हात चुकीच्या वेळी पुढे जात होता. पाळणा तिच्याकडे येत असताना ती ढकलायची. हाताला जोर लागत होता, खांदा भरून आला होता, पाळणा मात्र जागच्या जागी हिसके खात होता. मग तिने हात थांबवला, पाळणा परत फिरू दिला आणि तेव्हा ढकललं. तेवढ्याच जोरात तो छताकडे निघाला. ती ते पुन्हा करून बघू लागली, मुद्दाम चुकवून, मग मुद्दाम जुळवून. लांबून बघणाऱ्याला दोन्ही वेळा बाईचा हात तेवढाच हलताना दिसला असता.

कूलरमध्ये मोटर होती. मोटर वायरीतून प्रवाह ओढते, पण तो वेळेवर येत नाही, व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, मागे राहतो. म्हणून त्यातला बराचसा काही काम न करता तसाच परत जातो. वायरीतून तो जाताना-येताना दिसतो, पण खर्च होत नाही. चिमटा फक्त वायरीत किती वाहतंय ते बघतो. वाहणाऱ्यातलं खरोखर कामाला किती लागतं ते त्याला आपण सांगायचं असतं, आणि ते सांगायचा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. नानांनी तिथे एक घातला होता. म्हणजे जेवढं वाहतं तेवढं सगळं खाल्लं असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नाना मोबाइल घरीच ठेवून चौकात फिरायला गेले. धाकटीने थोरलीच्या मदतीने घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त कूलर चालू ठेवला. कंपनीच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं ते मीटरवरच छापलेलं असतं. धाकटी मुलीला कडेवर घेऊन त्या ठिपक्यासमोर उभी राहिली आणि मोबाइलवर वेळ लावून मोजू लागली. गणित करून झालं तेव्हा ती भिंतीला टेकली. कूलर खरोखर जे खात होता ते नानांच्या मोबाइलने सांगितलेल्याच्या निम्म्याहून कमी होतं.

मग कूलर बंद करून ओव्हन एकटा लावला. त्याचा आकडा मोबाइलशी तंतोतंत जुळला.

"म्हणजे माझा खरं बोलतो आणि तुझा फुगवून सांगतो?" थोरलीने विचारलं.

"तुमचा नुसता तापतो. जेवढं घेतो तेवढं जाळतो. माझा मागून घेतो भरपूर आणि न वापरता परत करतो. परत केलेलं कंपनी धरत नाही, नानांचा चिमटा धरतो."

थोरलीने जरा विचार केला. "आमच्या माहेरच्या शेजारणीसारखं. चार भांडी न्यायची, तीन परत आणून द्यायची, आणि गल्लीला वाटायचं आमचं घर धुऊन नेलं."

"तसंच."

"मग सांग की नानांना आज. आजच सांग, उद्यावर टाकू नको. सुटली गं ठमी." तिने मुलीला धाकटीच्या कडेवरून घेतलं आणि तिच्या पोटावर ओठ लावून फुर्रर्र केलं. मुलगी खिदळली.

धाकटीने लगेच नाही सांगितलं. मुलीला अंगावर पाजता पाजता तिने आधी पूर्ण गणित मांडलं. कूलर खरा किती खातो आणि दिवसाचे किती तास चालतो, दुपारचे थोरलीच्या प्लगवरचे तास धरून. ओव्हन किती खातो आणि किती वेळ. दोन्ही खरे आकडे शेजारी शेजारी आले. लाल निळीच्या वर होती. फार नाही, बोटभर वर. पण नानांना बोटभर पुरेसं होतं, त्यांनी गुंजभराने दुकानं बंद पाडली होती.

तिने दुपारचे तास वेगळे काढले. ते तास थोरलीच्या वायरीवर होते, आणि नानांना ते माहीत नव्हते. तिथे चिमटा त्यांना नानांनी भरलेल्या 'एक' या आकड्याने मोजत होता, म्हणजे दुपटीहून जास्त फुगवून. ते तिथेच राहू दिले, तर लाल खाली जात होती. खूपच खाली.

मुलगी पिता पिता झोपली. धाकटीने तिच्या मानेला हात लावून बघितला. मान गार होती.

संध्याकाळी नाना पाय बादलीत सोडून बसले होते. धाकटी समोर जाऊन उभी राहिली. नवरा सोफ्यावर होता, थोरली स्वयंपाकघराच्या दारात.

"नाना, मिठाईवाला मिठाई डब्यासकट तोलून द्यायचा, तर तुम्ही काय करायचात?"

नानांनी वर बघितलं. "सळो की पळो करून सोडायचो. का?"

"माझा कूलर तुम्ही डब्यासकट तोलताय."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. धाकटीने न थांबता सगळं सांगितलं, मोटरचं, परत जाणाऱ्या प्रवाहाचं, त्या आकड्याचं. "ती सूट नाही नाना. ते डब्याचं वजन वजा करणं आहे. कंपनीचं मीटर मंद नाही. ते डबा वजा करून तोलतं, म्हणून त्याचं कमी येतं."

नाना ओल्या पायांनी उठले. लादीवर पावलं उमटवत दाराशी गेले, कूलर सोडून बाकी सगळी बटणं बंद करायला लावली आणि त्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यासमोर उभे राहिले. धाकट्याने वेळ मोजून दिली, नानांनी लुकलुक मोजली, मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती.

"किती घालायचा?"

"पॉइंट चव्वेचाळीस."

त्यांनी लाल चिमट्याचा आकडा बदलला. मग मान वर न करता विचारलं, "आणि थोरलीच्या?"

"तिथे एकच," धाकटी म्हणाली. "ओव्हन नुसता तापतो. तापणाऱ्या वस्तूला डबा नसतो."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दारातली थोरली हसत मान हलवत होती, सकाळचं आपल्याला कळलं होतं याच्या आनंदात.

मोबाइलने मागचा सगळा आठवडा नव्याने मोजला. नानांनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला. लाल रेघ खाली, जवळजवळ तळाशी बसली होती. तिच्या वर निळी होती, एकटी.

नानांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. "म्हणजे हत्ती तिकडे बांधला होता म्हणायचा," ते म्हणाले. "आणि आम्ही उगाच लेकराच्या आईला बोलत होतो. चुकलं हो सूनबाई. तपासनिसाने चूक कबूल करायला लाजू नये."

थोरलीचं हसू अजून तोंडावरच होतं, तिथेच राहून गेलं होतं. "नाना, माझं एवढं कसं होईल? ओव्हन तर रोजच्याएवढाच," ती म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "दुपारी," एवढं बोलून ती थांबली. तिने धाकटीकडे बघितलं.

धाकटी मुलीच्या तोंडाला लागलेली लाळ पुसत होती. एकदा पुसून झालं होतं तरी पुसत होती.

"दुपारी काय?" नानांनी विचारलं.

थोरलीची नजर मुलीवर गेली. "काही नाही. दुपारी मैदा संपला होता, तेच."

"मैदा आता लागणार नाही," नाना म्हणाले. "उद्या संध्याकाळी माणूस येईल. ठरलं ते ठरलं. यंत्र म्हणालो होतो, कुणाचं ते म्हणालो नव्हतो."

"बाबा, वहिनींच्या ऑर्डरी असतात," धाकटा म्हणाला. शिस्त सुरू झाल्यापासून त्याने वडिलांपुढे उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"तू आजवर जसं गप्प ऐकत आलास तसंच ऐकत राहा," नाना म्हणाले. "बादलीत गरम पाणी घालायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पेटीचं कुलूप काढून ठेवलं आणि अकरा वाजून गेले तरी धाकटीच्या खोलीचं बटण बंद केलं नाही. कूलर तिच्या स्वतःच्या प्लगवर, भर दुपारी, कुणाचीही परवानगी न घेता गरगरत राहिला. मुलगी पोटावर पडून चादर चावत होती. पलीकडच्या खोलीतून भाजल्याचा वास येत होता. थोरली शेवटचे डबे भरत होती.

ती गॅलरीतून आली नाही. पॅसेजच्या दारातून आली आणि पाहुण्यासारखं दार वाजवलं. धाकटीने दार अर्धं उघडलं. थोरलीचा पदर कमरेला खोचलेला होता, केस कपाळाला चिकटलेले, गळ्यावरून ओघळ पोलक्यात जात होते.

"झोपली का?"

"नाही. झोपेलच आता."

"संध्याकाळी तो माणूस येतोय."

"हो."

"नानांना एवढंच सांग की दुपारी तुझा कूलर माझ्या प्लगवर होता. बाकी काही नको बोलू. तुझं ऐकतात ते आता. काल कसे मुकाट ऐकत होते."

"सांगितलं तर ते विचारतील, मी बटण बंद केलं असताना कूलर चालला कसा."

"मी लावला म्हणून सांगते की. माझ्या नावावर घाल."

"नाव कुणाचंही घातलं तरी तास माझ्यात येतात, वहिनी. मी मोजून बघितलंय. तुमच्यापेक्षा माझं वर जातं."

थोरली हे ऐकून घेत उभी राहिली. "मोजून बघितलंस," ती म्हणाली. "कधी?"

धाकटीने मागे वळून मुलीकडे बघितलं.

"बरं, मग गीझर. त्यालाही डबा नसेल ना? तूच म्हणालीस, तापणाऱ्याला नसतो. त्यांच्या वायरीला एक दिवस चिमटा लाव म्हणावं. सगळ्यात वर कोण येतं ते दिसेल."

"मी कशी म्हणू?"

"काल जशी म्हणालीस तशी. कालच्यासारखं उभं राहायचं."

"काल मी ठमीसाठी म्हणाले."

आत मुलीने काहीतरी ओरडून सांगितलं आणि पुन्हा चादरीला लागली. थोरलीने अर्ध्या दारातून तिला बघायचा प्रयत्न केला. धाकटी जरा सरकली, आत येण्यासारखी नाही, दार आडवं राहील अशी.

"मी काय करू गं दिवसभर?" थोरली म्हणाली. आवाज बेकरीवाल्याशी बोलतानाचा नव्हता. "तो नसतो. मूल नाही. बिस्किटं तेवढी होती. नुसतं बसून या घरात वेड लागेल मला."

"माझ्या मुलीला घाम येत नाही, वहिनी."

"माहितीय मला. माझ्याइतकं कुणाला माहितीय?" थोरलीने हाताच्या पाठीने हनुवटी पुसली. ती ओली झाली तशी लुगड्याला पुसली. "मला येतो."

"हो," धाकटी म्हणाली. "तुम्हाला येतो."

खोलीतली गार हवा पॅसेजमध्ये चालली होती. तिने दार लावून घेतलं, मागे वळली आणि मुलीच्या मानेवर हात ठेवला.